क्लबहाउसच्या प्लेअरचं सेटिंग कुणी बदललं?

बी-३०२ काकू: काल कोजागिरीला आपल्या २००६ च्या गणपतीची डीव्हीडी लावली. माणसं आडवी पसरलेली, तोंडं लालभडक. ह्यांचं धोतर म्हणजे नुसता पांढरा डाग, एक निरी दिसेना. ह्यांचं चालतंबोलतं रूप त्या एवढ्या डिस्कमध्येच उरलंय. सेटिंगला हात कुणी लावला?

ए-१०१ काका: प्लेअरचा रिमोट कुणाकडे आहे?

सी-४०४: काकू, मॅचच्या दिवशी आमच्या मुलाने टीव्ही 'विविड'वर टाकला होता. सॉरी. प्लेअरला कुणी हात लावलेला नाही.

बी-२०१ वहिनी: दरवेळी मुलंच का? आणि विषय निघालाच आहे तर, कालचं मसाला दूध आटवलेलं होतं का, एवढंच विचारते.

सी-१०३: वहिनी, १४ लिटर मी एकटीने ढवळलं. पुढच्या वर्षी आपण घ्यावं ही विनंती 🙏

ए-१०१ काका: रिमोट कुणाकडे आहे? रजिस्टरमध्ये नोंद नाही.

सी-१०३: नोंद तर टँकरचीही नाही.

सेक्रेटरी: टँकर मीटिंगमध्ये. इथे कृपया नको.

ए-५०२ दादा: काकू, डिस्कवरचं चित्र ४:३ चं आहे, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. टीव्ही ते ताणून १६:९ करतोय. ४:३ निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. माणसं मूळ अंगाची दिसतील. 'विविड' दुकानातल्या लखलखाटासाठी असतं, घरी 'सिनेमा' ठेवा.

बी-३०२ काकू: ब्राइटनेस वाढवून बघितला रे, सगळं अजूनच पांढुरकं झालं.

ए-५०२ दादा: होणारच. ब्राइटनेस काळ्याची पातळी ठरवतो. वाढवला की काळं राखाडी होतं. पांढरं कॉन्ट्रास्टच्या हातात. निऱ्या दिसेपर्यंत तो उतरवा. तरी नाही दिसल्या तर एचडीएमआयची, म्हणजे प्लेअर-टीव्ही जोडणाऱ्या केबलवरच्या सिग्नलची रेंज बघू, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे. प्लेअर ० ते २५५ पाठवत असेल आणि टीव्ही १६ ते २३५ धरून बसला असेल, तर दोन्ही टोकं कापली जातात. शार्पनेस मात्र खालीच ठेवा. मूळ चित्र ५७६ ओळींचं, शार्पनेसने तपशील वाढत नाही, कडांना पांढरी रेघ तेवढी येते.

सी-४०४: आणि प्लेअरमध्येही पिक्चरचा वेगळा मेनू आहे ना?

ए-५०२ दादा: आहे. तो मूळ सेटिंगवर नेऊन सोडून द्या. दोन्हीकडे फिरवत बसलं की चूक कुठली तेच कळत नाही.

ए-१०१ काका: पण रिमोटशिवाय मेनू उघडणार कसा? तिसऱ्यांदा विचारतोय.

बी-२०१ वहिनी: बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी मिळेल तसला. मी उद्या तिकडेच जातेय, आणते. दुधाचं मनावर घेऊ नका हं, सी-१०३.

सी-१०३: 👍

सेक्रेटरी: बिल आणा.

(दुसऱ्या दिवशी, रात्री ९:१०)

ए-५०२ दादा: रेंजचीच भानगड होती. जमलं.

बी-३०२ काकू: आत्ता बघून आले. निऱ्या दिसल्या. कपाळावरचं गंध घामाने जरा ओघळलंय, तेही दिसलं. शनिवारी नात येतेय, तोवर कुणी हात लावू नका.

ए-१०१ काका: रिमोट माझ्याकडे जमा आहे. नोंद केली.