मदत हवी आहे: 'रेसलर'ला मराठीत पैलवान, मल्ल, कुस्तीगीर की कुस्तीपटू?

नमस्कार मंडळी,

शाळेच्या क्रीडा प्रदर्शनासाठी कोल्हापूरच्या कुस्तीवर काही फलक करायचे आहेत. मजकूर हाती आला तो इंग्रजीत, मराठी मी करतेय. सगळं होत आलंय, घोडं अडलंय एकाच शब्दावर. इंग्रजीत पहिल्या फलकापासून शेवटच्यापर्यंत सगळे 'रेसलर'. मराठीत चार शब्द पुढे येतात आणि चारही बरोबर आहेत, हीच अडचण. काही वाक्यं देते, रिकाम्या जागी तुम्ही काय भराल ते सांगा.

'शाहू महाराजांच्या काळात देशभरातले ___ कोल्हापुरात येत.' इथे मला पैलवान सोडून दुसरं सुचतच नाही. महाराजांनी त्यांना आसरा दिला, खुराक दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. या वाक्यात 'कुस्तीपटू' घातलं की मंडळी ट्रॅकसूट घालून रेल्वेतून उतरल्यासारखी वाटतात.

'खाशाबा जाधव या ___ने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक.' खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. हेलसिंकीला ते लढले फ्रीस्टाइल, बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोच्या गटात. आमच्या मुलांच्या डोक्यात पैलवान म्हणजे दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. वर पैलवान लिहायचं आणि खाली खाशाबांचा फोटो लावायचा, तर पोरं विचारणार, 'हे?' म्हणून सहकारी म्हणतात कुस्तीपटू लिहा. बरोबर असेल, पण मला ते कोरडं वाटतं.

'गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. पुढे मोतीबाग तालमीत त्यांनी अनेक ___ घडवले.' इथे हात आपोआप 'मल्ल'कडे जातो. का, ते कळत नाही.

शेवटचं: '२०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी या ___ने जिंकली.' महिला पैलवान? महिला मल्ल? पैलवानीण?

मुख्याध्यापक म्हणतात, एकच शब्द ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा, नाहीतर मुलं गोंधळतील. ठरवायचा तर कोणता? की ठरवूच नये?

मराठीचा कैवारी: यात विचार कसला करायचा? मल्ल. बाकीचे फारसीतून आलेले. मल्ल आपला आहे; मल्लविद्या, मल्लयुद्ध, मल्लखांब सगळे त्याच घरातले. कंसाच्या दरबारातले चाणूर आणि मुष्टिक मल्लच होते, पैलवान नव्हते.

फारसीचा नादखुळा: मग 'कुस्ती'ही काढा, तीही फारसीच. वस्ताद फारसी, खुराक फारसी, तालीम अरबी. एवढं सगळं काढल्यावर ताईंच्या फलकावर तांबडी माती तेवढी उरेल. कुस्तीगीर तर इराणात आजही जवळपास याच रूपात चालतो. 'गीर' म्हणजे धरणारा, पकडणारा. जहांगीरमधला गीर तोच. कुस्तीपटूमधला 'पटू' मात्र संस्कृत आहे, म्हणजे त्या शब्दाचं डोकं फारसी आणि पाय संस्कृत. कूळ बघून शब्द निवडायला लागलो तर एकही फलक पुरा व्हायचा नाही.

जुना गडी: ताई, म्या शाळा फार शिकलो न्हाई, पण तालमीत वाढलोय, म्हणून सांगतो. पैलवान ही हाक हाय. लंगोट सोडून जन्म झाला तरी गल्लीत पैलवानच म्हणत्यात. मैदानाच्या पोस्टरवर नाव छापत्यात तवा पुढं 'पै.' लावत्यात, लग्नाच्या पत्रिकेतबी लावत्यात. 'कुस्तीपटू अमुक पाटील यांचे चिरंजीव' असं कुठल्या पत्रिकेत वाचलासा का? आन् मल्ल म्हणून तर कोण हाकच मारत न्हाई. 'ओ मल्ल, च्या घेता का?' हसतील की लोक.

खाशाबांचं म्हणाल तर पैलवानकी किलोवर न्हाई, डावावर असती. पोरं 'हे?' म्हणून इचारत असतील तर इचारू द्या. तोच फोटो मोठा लावा आन् खाली पैलवान लिवा. त्येवढं तरी शिकतील.

उपसंपादक (निवृत्त): वर गडीभाऊ म्हणाले ते खरं आहे, त्याला थोडी जोड देतो. बराच काळ क्रीडा पानावर काढला, तिथे कुणी नियम लिहून दिला नव्हता, पण हाताला वळण होतं. नावानिशी एक माणूस आला आणि तो मातीतला असला की पैलवान. नाव नसलेला समुदाय आला की मल्ल: 'राज्यभरातील मल्लांची हजेरी', 'मल्ल घडवले'. तुमचा हात 'मल्ल'कडे जातो तो यामुळेच, वर्षानुवर्षं वाचून. शिवाय मथळ्यात जागा कमी लागते, हे एक धंद्यातलं कारण. वजनगट, गुण, पंच, देशाचा संघ असा संदर्भ असला की कुस्तीपटू. क्रिकेटपटू, टेनिसपटूंच्या रांगेत तो बरोबर बसतो. कुस्तीगीर राहिला कागदोपत्री: परिषद, ठराव, प्रमाणपत्र. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद हे नावच बघा. तो वापरलात तर विभक्ती लागल्यावर गि ऱ्हस्व करा: कुस्तीगिराला, कुस्तीगिरांनी. फलकांवर हमखास चुकतं.

आणि मुख्याध्यापक सरांना माझा नमस्कार सांगून एवढं कळवा की इंग्रजीत शब्द एक आहे म्हणून मराठीतही एकच हवा, अशी काही सक्ती नाही. मुलं चारही शब्द घरी ऐकतात. गोंधळतात ती मोठी माणसं.

एकाच ठिकाणी सांभाळा. इंग्रजीत 'जिम' असेल तिथे तालीम लिहाल, ते योग्यच. पण बाहेरगावचे पालक आले तर त्यांना सांगावं लागेल की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींची नावं आज लोक फुटबॉलसाठी घेतात.

एका पोरीचा बाप: पैलवानीण अजिबात लिहू नका. पाटलीण, सरदारीण म्हटलं की जसा नवरा आधी दिसतो, तसं पैलवानीण म्हणजे पैलवानाची बायको वाटते. माझी मुलगी गादीवर सराव करते. वस्ताद तिला पोरांसारखंच 'पैलवान, चला, जोड धरा' म्हणतात आणि तिलाही तेच आवडतं. मराठीत क्रियापद सगळं सांगतं: पैलवान जिंकली. 'महिला' गटाच्या नावात एकदा आलंय, पुन्हा माणसाला कशाला चिकटवायचं?

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. शाहू महाराजांच्या फलकावर पैलवान, आंदळकरांच्या फलकावर मल्ल. प्रतीक्षा बागडींनाही पैलवानच लिहितेय. खाशाबांच्या वाक्यात सहकाऱ्यांचा मान राखून कुस्तीपटू ठेवते, पण फोटोखाली मोठ्या अक्षरात 'पै. खाशाबा जाधव'. सरांना उपसंपादक काकांचा निरोप वाचून दाखवला. ते 'हं' म्हणाले, म्हणजे होकार समजते.

एक राहिलं. खासबागेच्या चित्राखाली इंग्रजीत 'अरीना' आहे. मैदान, आखाडा की हौदा?

जुना गडी: मैदान म्हंजी समदं, लोक बसत्यात त्या उतारासकट. हौदा म्हंजी मधली मातीची जागा, जिथं कुस्ती लागती. चित्रात दोन्ही दिसत असलं तर दोन बाण काढून दोन्ही नावं लिवा. आखाडा आपल्यात कमी म्हणत्यात, त्यो उत्तरेकडचा. आन् हौद्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालून माती मळत्यात, ते बी एका ओळीत लिवा. पोरं पयलं त्येच इचारत्यात.