दोन गाड्यांमधल्या अंतराचा वेळेनुसार काढलेला आलेख ‘व्ही’ आकाराचा का येत नाही?

गाड्यांमधलं अंतर एखाद्या क्षणी शून्य होत असेल तरच ‘व्ही’ येतो, उदाहरणार्थ दोन्ही गाड्या एकाच रेषेत असतील आणि एकमेकींना ओलांडत असतील तेव्हा. इथे मात्र दोन गाड्यांचे रस्ते चौकात काटकोनात छेदतात. समजा, एक गाडी चौकापासून १०० मीटरवरून १० मी/से वेगाने चौकाकडे येतेय, दुसरी त्याच क्षणी चौकातून दुसऱ्या रस्त्याने ५ मी/से वेगाने निघाली. क्ष सेकंदांनी अंतराचा वर्ग = (१००−१०क्ष)² + (५क्ष)² = १२५क्ष² − २०००क्ष + १००००.

आधी या वर्गाचाच आलेख काढा. तो पॅराबोला (वाटीसारखा वक्र), तळ क्ष = ८ ला, किंमत २०००; म्हणजे किमान अंतर सुमारे ४४.७ मीटर. पहिली गाडी चौकात पोचते तेव्हा (क्ष = १०) अंतर ५० असतं! मुलं नेमकी तिथेच किमान धरतात.

वर्गमूळ घेतल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष अंतराचा आलेख काढल्यावर, मात्र वक्र हायपरबोला (दुसऱ्या प्रकारचा वक्र) होतो. तळाशी गोलसर, दोन्ही बाजूंना जवळजवळ सरळ, चढ √१२५ म्हणजे सुमारे ११.२ मी/से कडे झुकणारा. ठिपके पट्टीने जोडू नका. ७, ८, ९ सेकंदांच्या किमती नक्की काढा.