ल्युगर पिस्तूल लष्करी की व्यापारी?

प्रश्न: श्टुटगार्टमध्ये आमच्या शेजारच्या आजोबांच्या परवानाधारक संग्रहात डीडब्ल्यूएम (जर्मन शस्त्र कंपनी) मुद्रेचे ल्युगर आहे. चेंबरवर (नळीमागे गोळी बसते त्या भागावर) साल नाही आणि मुकुटाखाली ‘एन’ असा ठसा आहे. ते पहिल्या महायुद्धातील सैनिकाचे असावे, असे त्यांना वाटते. हे कसे पडताळावे?

उत्तर 1: मुकुटाखालचा ‘एन’ हा बंदुकीच्या धूरविरहित दारूच्या चाचणीचा नागरी ठसा आहे, त्यामुळे पिस्तूल बाजारात विकले गेल्याची शक्यता अधिक. युद्धकाळात सैन्यासाठी बनलेल्या पिस्तुलांवर चेंबरच्या माथ्यावर साल आणि उजव्या बाजूला मुकुटाखाली एकेक अक्षर असे तपासनिसांचे ठसे ओळीने आढळतात. सुट्या भागांचे क्रमांकही पाहावेत. लष्करी पद्धतीत ते दर्शनी भागावर, तर व्यापारी पद्धतीत कडेला वा खालच्या बाजूस, सहजी दिसणार नाहीत असे असतात.

उत्तर 2: वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु एवढ्यावर निकाल देऊ नये. युद्धानंतर, 1920 च्या दशकात, लष्करी पिस्तुले दुरुस्त करून नागरिकांना विकली गेली आणि तेव्हा कित्येकांवरील साल घासून काढले गेले. म्हणून चेंबरचा माथा तिरप्या उजेडात भिंगाखाली न्याहाळावा. तिथे किंचित सपाटपणा दिसला, तर आजोबांचे म्हणणे निम्मे खरे ठरू शकते! नळीही मोजावी: लष्करी नळी 9 मिमी व्यासाची, 100 मिमी लांब असते, तर त्या दशकातील व्यापारी नळी बहुधा 7.65 मिमीची आणि जराशी आखूड असते. मोजण्यापूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री आजोबांकडूनच करून घ्यावी, आणि ठशांवर पॉलिश मुळीच लावू नये.