पत्रांतून कादंबरी: वाचक कशानं धरून राहतो?

राजवाडा, इंदूर
माझ्या कादंबरीत एक बहीण इंदुरात, एक बडोद्यात. काळ १९६८, सगळी कादंबरी पत्रांतून. मधला भाग सपाट वाटतोय. या प्रकारात वाचकाला नेमकं काय ओढून नेतं?

दांडिया बाजार, बडोदे
पत्र लिहिणं आणि ते वाचलं जाणं यांतला वेळ. प्रत्येक पत्राच्या तीन तारखा मांडून ठेवा: लिहिलं, पोचलं, उघडलं. दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली की एकीच्या प्रश्नाला दुसरीचं उत्तर जुळत नाही आणि वाचकाला दोघींपेक्षा जास्त कळतं. खरी गोडी तिथंच!

सपाटपणा बहुधा माहिती कोंबल्यानं येतो. ‘आपले बाबा शिक्षक आहेत’ असं बहीण बहिणीला कशाला लिहील? ‘बाबांनी शिकवण्या सोडल्या’ एवढंच लिहील.

लष्कर, ग्वाल्हेर
लांबलचक संवादही नकोत. पत्रात माणूस एखादंच वाक्य आठवून लिहितो. दोघींची लपवण्याची रीत वेगळी ठेवा, नुसता मायना बदलून भागत नाही. वा. म. जोशींची ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) ही पत्ररूप कादंबरी त्यासाठी जरूर वाचा. आणि पत्त्यात पिनकोड घालू नका, तो १५ ऑगस्ट १९७२ला आला.

राजवाडा, इंदूर
आईचं पत्र मध्ये घालू का?

दांडिया बाजार, बडोदे
घाला, पण एकच, आणि दोघींनी लपवलेलं तिच्याकडून सहज फुटेल अशा जागी. आंतर्देशीय (एकाच कागदाचं, घडी घालून चिकटवायचं पत्र) असेल तर जागा मोजकी; महत्त्वाची ओळ शेवटच्या घडीवर, बारीक अक्षरात येऊ द्या.