मदत हवी आहे : काम निघालेला जुना ट्रक वडिलांचे नाव अडकू न देता कसा विकावा?

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात आमचे घर आहे आणि वडिलांच्या नावावरचा टाटा १६१३, सहाचाकी, २०११ चा, बीड पासिंगचा ट्रक गेल्या दिवाळीपासून अंगणात उभा आहे. वडिलांचे गुडघे आता कॅबिनमध्ये चढू देत नाहीत, मी शाळेत नोकरीला आहे, त्यामुळे ट्रक विकायचा हे घरात ठरले आहे. कोणाला द्यायचा आणि कागद कसे करायचे, यावर मात्र दोन महिने घोळ चालला आहे. ज्यांनी जुनी मालवाहू वाहने विकली किंवा घेतली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

आधी ट्रकची स्थिती लिहितो. खरे मुख्य काम इंजिनाचे आहे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन टाकून परत येईपर्यंत एक लिटर ऑइल लागत होते, सकाळी गाडी तिसऱ्या-चौथ्या सेल्फला उठायची आणि मांजरसुंब्याच्या घाटात रिकामी असतानाही दम टाकायची. मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढायला लावले आणि त्यावर मला तळहात धरायला सांगितला. आतून धूर इतक्या जोराने येत होता की हात ढकलला जात होता आणि बाजूला घेतला तेव्हा तळव्यावर ऑइलचे बारीक थेंब होते. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, नोझल, पंपाचे काम आणि गरज पडल्यास क्रँक ग्राइंडिंग धरून त्याने दीड लाखाचा अंदाज दिला आहे. याशिवाय मागच्या डाव्या कमानीचा (स्प्रिंगचा) मुख्य पाटा तुटलेला आहे, ब्रेकचे लायनर संपले आहेत, मागचे चारही टायर रिमोल्ड आहेत आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा गंजला आहे. चांगली गोष्ट एवढीच की चासी सरळ आहे, कुठेही वेल्डिंग नाही, आणि गिअरबॉक्सला आजवर हात लावावा लागलेला नाही. वडिलांनी या गाडीला जपले आहे. आजही संध्याकाळी काठीचा आधार घेत ते ट्रकभोवती फिरतात आणि टामीने एकेक टायर वाजवून हवा पाहतात.

कागदांची स्थिती गाडीपेक्षा अवघड आहे. पासिंग, म्हणजे गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र, नोव्हेंबरमध्ये संपले, विमा जानेवारीत संपला. कर्जाची फेड २०१६ सालीच झाली होती, पण आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून गेला. तो आता बँकेचे ना हरकत पत्र आणून फॉर्म ३५ भरून उतरवला आहे. दोन ई-चलने शिल्लक आहेत. एजंटने सांगितले की विमा आणि पासिंग नसताना नाव बदलून मिळणार नाही. म्हणजे दुरुस्ती केल्याशिवाय पासिंग नाही, पासिंग नाही तर ट्रान्सफर नाही, आणि ट्रान्सफर होत नाही म्हणून सरळ गिऱ्हाईक मिळत नाही. विम्याचा हप्ताच पस्तीस हजारांच्या पुढे जातो आणि पाटा, ब्रेक, पासिंग मिळून आणखी तेवढाच खर्च आहे. विकायच्या गाडीवर हा पैसा घालावा का, हे समजत नाही.

तीन गिऱ्हाइके आली आहेत. पहिला एक दलाल आहे. तो आहे त्या स्थितीत दोन लाख नव्वद हजार रोख द्यायला तयार आहे, पण त्याची अट अशी की वडिलांनी मालकाचे नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्याच सह्या करून द्याव्यात. पुढचे गिऱ्हाईक मिळाले की तो परस्पर नाव चढवील. दुसरा जालन्याचा भंगारवाला आहे. तिथल्या पोलाद भट्ट्यांना भंगार लागतेच, त्यामुळे वजनावर एक लाख साठ हजार तो लगेच मोजतो आणि कागदांविषयी एक शब्दही विचारत नाही.

तिसरे गिऱ्हाईक म्हणजे आमचे चालक. मी त्यांना मामा म्हणतो. बारा वर्षे त्यांनी हा ट्रक चालवला आहे. दर वर्षी साखर कारखान्याचा हंगाम त्यांनी ओढला, आणि २०१६ च्या दुष्काळात छावण्यांना चारा पोहोचवताना कित्येक रात्री ते याच कॅबिनमध्ये झोपले. ते तीन लाख दहा हजार द्यायला तयार आहेत, पण हातात फक्त ऐंशी हजार आहेत. उरलेले दोन हंगामांत फेडीन, तोवर गाडी मालकांच्याच नावावर राहू द्या, असे ते म्हणतात. वडिलांना ट्रक त्यांनाच द्यायचा आहे. मामांच्या शब्दावर माझाही पूर्ण विश्वास आहे. भीती एकाच गोष्टीची वाटते, की उद्या रस्त्यावर काही अघटित घडले तर नोटीस कोणाच्या नावाने येईल?

तर माझे प्रश्न असे आहेत. इंजिन बांधून विकणे परवडते का, की जेवढ्यात पासिंग होईल तेवढेच काम करावे? दलालाला कोऱ्या सह्या देण्यात नेमका धोका किती? आणि मामांना हप्त्याने गाडी देऊनही वडिलांचे नाव आजच निघेल, अशी काही वाट आहे का?

प्रतिसाद

माझी वीस वर्षे वाहतूक व्यवसायात गेली आहेत, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे प्रश्न पैशांचे आहेत आणि हा तुमच्या वडिलांच्या झोपेचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने आरसीवर ज्याचे नाव तोच मालक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले, की गाडी विकून ताबा दिला असला तरी नोंद बदललेली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. त्या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, तरीही पहिलाच मालक अडकला. त्यात विमा संपलेला असेल तर रक्कम देणारी कंपनीही पाठीशी नसते. तेव्हा कोऱ्या सह्या अजिबात देऊ नका. नोटरी केलेला करार किंवा इसार पावती आपसातल्या व्यवहारात उपयोगी पडते, पण अपघातात सापडलेल्या माणसासमोर ती ढाल होत नाही. विकणाऱ्याने कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत फॉर्म २९ द्यायचा असतो. तो स्वतः सादर करून पोच घ्या आणि नाव बदललेली आरसी ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

इंजिन बांधू नका. विकायला काढलेल्या गाडीचे नवे इंजिन काम गिऱ्हाईक कधीच पूर्ण किमतीला धरत नाही, कारण आत कोणत्या दर्जाचे लाइनर बसवले हे त्याला दिसत नाही. पारखी माणूस उलट न उघडलेले इंजिन पसंत करतो आणि आपल्या मिस्त्रीकडून करून घेतो. तुम्ही झाकण काढून धूर दाखवा आणि भाव त्यावरच ठरवा. पासिंगपुरते मात्र जरूर करा : पाटा, ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टर पट्ट्या, स्पीड गव्हर्नर, आणि धूर मर्यादेत येण्यासाठी नोझल तपासून पंपाचे कॅलिब्रेशन. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागेल. विमा काढल्याशिवाय ट्रक मिस्त्रीकडेसुद्धा रस्त्याने नेऊ नका. हा खर्च सत्तर-ऐंशी हजारांत बसला तर पासिंग चालू असलेल्या गाडीच्या भावात तो भरून निघतो, आणि मुख्य म्हणजे ट्रान्सफरची वाट उघडते.

भंगारात द्यायचाच झाला तर नोंदणीकृत वाहन स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथे गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळते, नोंदणी रद्द होते, आणि त्या प्रमाणपत्रावर पुढे नव्या गाडीच्या करात सवलतही घेता येते. जालन्याच्या माणसाने चासी नंबरासह कापला की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तोवर कागदोपत्री ट्रक वडिलांचाच राहील.

चालकाबद्दल माझे मत असे आहे. हप्त्याने द्या, पण नाव पहिल्याच दिवशी त्यांच्या नावावर करा. उरलेल्या पैशांसाठी बोजा नोंदवायला फॉर्म ३४ असतो. खासगी व्यक्तीच्या नावे तो घेतात का, हे तुमच्या परिवहन कार्यालयात आधी विचारा. नाहीच जमले तर गावच्या पतसंस्थेतून त्यांच्या नावे कर्ज करा, संस्थेचा बोजा चढेल आणि तुम्हाला रक्कम एकदम मिळेल.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. काल रात्री आपला प्रतिसाद वडिलांना आणि मामांना समोरासमोर बसवून वाचून दाखवला. आपल्या नावाने कागद नसेल तर मालकांना त्रास होऊ शकतो, हे मामांना माहीतच नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "असं असलं तर आधी नाव करू, गाडी मागून नेतो." दलालाला नकार कळवला आहे. सोमवारी दोन्ही चलने भरून विमा काढतो आणि त्यानंतर ट्रक कमानीच्या कामाला अंबाजोगाईत नेतो. पतसंस्थेत मामांसाठी जामीन राहायला वडील तयार आहेत. इतक्या जुन्या गाडीवर कर्ज देताना पतसंस्था काय काय मागते, याचा कोणाला अनुभव असल्यास तेवढे कृपया इथे लिहावे.