मदत हवी आहे: एक्झिट परीक्षेच्या गुणांवरून एनक्लेक्सचा अंदाज

नमस्कार. अमेरिकेतल्या नर्सिंग विद्यार्थ्यांच्या हेसी एक्झिट परीक्षेचे (अभ्यासक्रमाच्या शेवटी होणारी तयारीची चाचणी) गुण आणि एनक्लेक्स-आरएनचा (नर्स म्हणून परवाना मिळवण्याची परीक्षा) पहिल्या प्रयत्नातला निकाल यांचं विश्लेषण चालू आहे. हेसीत ८५० गुण ही नेहमीची रेषा. तिच्या वरचे बहुतेक पास होतात, त्यात नवल नाही. मुळात पास होणारेच जास्त असतात. खरी अडचण नापास कोण होणार हे ओळखण्याची आहे.

समजा २०० विद्यार्थी आहेत आणि त्यातले २० नापास होणार आहेत. चाचणीने त्यातले ७० टक्के पकडले आणि पास होणाऱ्यांपैकी ८५ टक्के बरोबर ओळखले, तर धोक्याच्या यादीत ४१ नावं येतात: १४ खरी, २७ उगाच. एवढ्या आधारावर पदवी अडवणं मला पटत नाही, जादा शिकवणी देणं ठीक.

आता प्रश्न. रेषेखालच्यांना रोखून धरलं तर त्यांचा निकाल कधी कळतच नाही, आणि उरलेल्या माहितीत सहसंबंध खोटाच कमी दिसतो. ही गाळणी कशी भरून काढता? एक्झिट परीक्षा दोनदा दिली असेल तर मी पहिलेच गुण धरते, कारण दुसऱ्यात सराव मिसळतो. तुम्ही?

एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्समध्ये केस स्टडी आणि अंशतः गुण आले. त्याआधीच्या तुकड्या वेगळ्या ठेवायच्या की मॉडेलमध्ये फक्त एक चल घालायचं? नापास इतके थोडे असताना साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनऐवजी (पास-नापास अशा निकालाची शक्यता काढणारं मॉडेल) फर्थची पद्धत (त्याचीच, थोड्या नापासांमुळे अंदाजात येणारी चूक कमी करणारी सुधारित आवृत्ती) कुणी वापरली आहे का?