विनोदी खून-रहस्य नाटक बसवायचंय, समीक्षा वाचून गोंधळ (ठाणे)

तलावपाळीकर:
ठाण्यातला हौशी ग्रुप आहे. आठ कलाकार, बजेट ४० हजार, प्रयोग घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरला. मराठी रूपांतर करायचंय. तीन नावं काढलीत: 'द प्ले दॅट गोज राँग', 'द रिअल इन्स्पेक्टर हाउंड' आणि 'शिअर मॅडनेस'. समीक्षा वाचायला घेतल्या तर एक जण डोक्यावर घेतो, दुसरा आपटतो. कुणाचं ऐकायचं आणि काय घ्यायचं?

विंगेतला:
डोळे मिटून गोज राँग. हौशी संचाचं खून-रहस्य नाटक चालू असताना सगळं चुकत जातं, सेट कोसळतो, ती गंमत. २०१२ ला लंडनमध्ये पबच्या वरच्या छोट्या थिएटरात सुरू झालं आणि २०१५ ला सर्वोत्कृष्ट नव्या विनोदी नाटकाचं ऑलिव्हिए पारितोषिक घेऊन गेलं. सेटला दीडेक लाख धरून चला, सगळे पैसे वसूल.

नेरूळ_ईस्ट:
चाळीस हजार लिहिलंय वर.

विंगेतला:
मग वर्गणी वाढवा. हसू फुकट मिळत नाही.

तिसरी_घंटा:
त्या नाटकाला २०१७ चं अमेरिकेतलं टोनी पारितोषिक मिळालं ते नेपथ्यासाठी. त्यावरून काय ते समजा. एकच गंमत दोन तास ताणलीय, हा समीक्षकांचा नेहमीचा आक्षेप, आणि हौशी प्रयोगात तो जास्त लागू होतो. तसबीर ठरलेल्या शब्दावर पडली तर हशा, अर्ध्या सेकंदाने उशिरा पडली तर लोकांना खराच अपघात वाटतो आणि सगळे गप्प. पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला वेगळी दोरी, विंगेत ती ओढणारा ठरलेला माणूस, शिवाय डोक्यावर येईल अशा वस्तूला दुसरी, बांधून ठेवलेली दोरी. म्हणजे नटांव्यतिरिक्त मागे चार-पाच जण हवेत. दार आपटलं की अख्खा फ्लॅट, म्हणजे सेटची खोटी भिंत, हलतो तो वेगळाच. चौकटीला मागून दोन तिरके टेकू, टेकूच्या पायाशी वजन, आणि दार विंगेच्या बाजूला उघडणारं ठेवा.

घोडबंदर_लोकल:
शिअर मॅडनेस! सेट म्हणजे एक सलून. दोन खुर्च्या, आरसे, बेसिन, झालं. बॉस्टनला १९८० ला सुरू झालं; मूळ पॉल पोर्टनरचं १९६३ चं जर्मन नाटक. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोक येत राहिले. संशयितांना प्रेक्षक प्रश्न विचारतात आणि खुनी मतदानाने ठरतो.

तिसरी_घंटा:
म्हणजे जितके संशयित तितके शेवट तालमीत बसवायचे. शिवाय हौशी प्रयोगाला निम्मे प्रेक्षक नातेवाईक. ते हौसेने आपल्याच माणसाला खुनी ठरवतात. प्रश्नोत्तरं हातातून सुटली तर नाटक वीस मिनिटं लांबतं आणि थिएटरवाले दिवे लावून उभे राहतात. इन्स्पेक्टरच्या भूमिकेला हजरजबाबी माणूस नसेल तर नादच सोडा.

नेरूळ_ईस्ट:
'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' का नाही? १९४१ ला आलं, ब्रॉडवेवर १४४४ प्रयोग.

कोपरी_पूर्व:
चौदा पात्रं आहेत त्यात. आणि रहस्य कुठाय? खून कोण करतंय ते पहिल्याच अंकात कळतं. समीक्षकांनी उचललं ते फार्स म्हणून.

नेरूळ_ईस्ट:
काळा विनोद आहे तो, फार्स नव्हे.

कोपरी_पूर्व:
दारादारांतून माणसं येतात-जातात, पेटीत प्रेत, वर पोलीस. फार्सच.
मूळ प्रश्नाबद्दल: हाउंड (१९६८) तासाभराचं आहे, आणि त्यात दोन समीक्षकच खून-रहस्य नाटक बघत बसलेत. एकाचा डोळा नटीवर, म्हणून स्तुती. दुसरा मुख्य समीक्षकाच्या जागी पाठवलेला, म्हणून कुढतोय. समीक्षेचं पाणी जोखायला याहून चांगलं काही नाही. पण बसवू नका. विलायती वाड्यातल्या खुनाचा साचा ज्यांना माहीत नाही त्यांना विडंबन कळत नाही. प्रेत पहिल्यापासून स्टेजवर पडलेलं असतं, आणि ते प्रेत म्हणजे...

विंगेतला:
ओ, थांबा! लंडनचे 'माउसट्रॅप' नाटकवाले १९५२ पासून लोकांना हात जोडून सांगतायत, शेवट फोडू नका.

परवाना_आधी:
सगळे सेटवर भांडताय, हक्कांचं कुणी बोलत नाही. तिन्ही नाटकं हक्काखाली आहेत. प्रयोगाची परवानगी वेगळी, रूपांतराची वेगळी. स्थळ किंवा पात्रं बदलणार असाल तर तेही अर्जात लिहा. मग मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर), तारीख जवळ आल्यावर नव्हे. आणि समीक्षेतले तारे मोजू नका. तक्रार कशाची आहे ते बघा: दुसरा अंक रेंगाळतो म्हटलं असेल तर दोष संहितेचा, तो तुमच्याकडेही येणार. 'नट ओरडतात' हा त्या संचाचा.

विंगेतला:
समीक्षेचं हेच मी म्हणत होतो.

तलावपाळीकर:
धन्यवाद मंडळी. हाउंड ठरवलं. कोपरीकरांनी नको म्हणूनसुद्धा, किंवा म्हणूनच. पात्रं आठ आणि वर एक प्रेत, ते भाच्याला देऊ. परवानगी मिळाली तर वाडा येऊरच्या डोंगरावर नेणार, पावसाने रस्ता बंद. रूपांतराचा अर्ज या आठवड्यात.

कोपरी_पूर्व:
ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला? असो. सोफ्याला चाकं लावा, तो प्रेतावरून सरकवायचा असतो. खालून भाच्याची छाती मोकळी राहील इतकी उंची ठेवा. समीक्षकांच्या खुर्च्या एका कडेला, नाहीतर त्यांचीच पाठ लोकांना दिसेल.

तिसरी_घंटा:
हाउंडमधल्या फोनची रिंग हॉलच्या मोठ्या स्पीकरवर देऊ नका. टेबलाखाली छोटा स्पीकर ठेवा, नाहीतर प्रेक्षक आपापले मोबाईल चाचपत बसतात.